मित्राला विज्ञान-कादंबरी द्यायची, तर त्याने अर्धवट सोडलेलं पुस्तक आधी विचारा

प्रश्न थोडक्यात असा: मित्र पुढच्या महिन्यात पन्नाशीचा होतोय. कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भरपूर वाचतो. शाळेत असताना नारळीकरांच्या विज्ञानकथांचं वेड होतं, पुढे ते सुटलं. त्याला गेल्या पाच-सहा वर्षांतली एक चांगली विज्ञान-कादंबरी भेट द्यायची आहे. विचारणारे स्वतः फारसे वाचत नाहीत, त्यामुळे दुकानात गेल्यावर काय उचलायचं ते कळत नाही. हजार रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी आहे.

मी चोवीस वर्षं वाचनालय चालवते. देवघेवीच्या टेबलावर बसून एक गोष्ट शिकले: माणूस पुस्तक घेऊन जाताना काय बोलतो यापेक्षा पुस्तक परत कसं येतं यावरून त्याची आवड जास्त कळते. जाड पुस्तक तिसऱ्या दिवशी परत आलं आणि आत अडतिसाव्या पानावर लोकलचं तिकीट राहिलेलं असलं, की विचारायची गरज उरत नाही. उलट एखादं पुस्तक दोनदा रिन्यू होतं, परत येताना त्याचा कणा मोडलेला असतो, एका पानावर आमटीचा डाग असतो. म्हणजे ते जेवतानाही हातातून सुटलं नाही. दंड घेताना मला कधीकधी वाईट वाटतं, पण त्या पुस्तकासाठी आनंदच होतो.

म्हणून तुम्हाला उत्तर देण्याआधी मी दोन गोष्टी उलट विचारल्या होत्या. मित्र कोणतं पुस्तक पुन्हापुन्हा वाचतो, आणि अलीकडे कोणतं अर्धवट टाकलं? तुम्ही कळवलंत: व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ दरवर्षी उन्हाळ्यात वाचतो, आणि कुणीतरी दिलेली एक अवाढव्य अंतराळ-मालिका पहिल्याच भागात सोडून दिली, कारण “नावंच लक्षात राहीनात”. या दोन वाक्यांनी माझं निम्मं काम झालं. पुरस्कारांच्या याद्या, तारांकनं, “वर्षातली सर्वोत्तम दहा”, हे सगळं यानंतर पाहायचं असतं.

सरळ सांगते. तुमच्या मित्रासाठी मी अँडी वीअरची ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ घेईन. 2021 ची आहे. हजारात पेपरबॅक आरामात बसते. पण का, ते नीट सांगायला हवं, कारण पहिल्यांदा माझ्याही मनात दुसरंच नाव आलं होतं.

‘बनगरवाडी’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आली सामंथा हार्वीची ‘ऑर्बिटल’. 2023 ची, 2024 चं बुकर मिळालेली, जेमतेम दीडशे पानांची. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळस्थानकावर सहा माणसं आहेत आणि आपल्याला त्यांचा फक्त एक दिवस दिसतो. त्या एका दिवसात स्थानकाच्या सोळा प्रदक्षिणा होतात, म्हणजे सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. त्यातल्या चिए नावाच्या जपानी बाईची आई खाली वारली आहे आणि तिला जाता येत नाही. खिडकीतून एक चक्रीवादळ फिलिपिन्सच्या दिशेने सरकताना दिसतं, पण यांना ते फक्त पाहता येतं. घडत असं फारसं काही नाही. माणसं, उजेड, ढग, समुद्र. माडगूळकरांच्या लेखनात जशी माणसं आणि माळरान एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत, तसं काहीसं इथे आहे. मला हे पुस्तक फार प्रिय आहे.

तरीही ते पहिली भेट म्हणून देऊ नये असं मला वाटतं. एक तर ती रूढ अर्थाने विज्ञान-कादंबरी नाही. आज अंतराळस्थानकावर जे आहे तेच तिच्यात आहे, काल्पनिक शोध नाही, कोडं नाही. नारळीकर वाचून वाढलेला माणूस “विज्ञान-कादंबरी” म्हणून हातात आलेल्या पुस्तकात काहीतरी सुटण्याची वाट पाहतो. शंभराव्या पानापर्यंत काही सुटलं नाही की तो पुस्तकावर नाही, स्वतःवर खट्टू होतो. दुसरं म्हणजे तिची वाक्यं लांब, एकात एक गुंफलेली. ज्याने आयुष्यभर इंग्रजीतून फिजिक्स शिकवलंय त्याला ती कळणार नाहीत असं मी म्हणत नाही. पण सावकाश वाचायला लागतात, आणि वाढदिवसाच्या पुस्तकाने आधी पकडून ठेवायला हवं.

मग मी पुन्हा ‘बनगरवाडी’कडे आले आणि तेव्हा लक्षात आलं की मी तिच्यातला माणदेश पाहत होते, मास्तर पाहिलाच नव्हता. एक तरुण शिक्षक धनगरांच्या अनोळखी वाडीवर जातो. तिथली बोली वेगळी, रीत वेगळी. शाळा आहे, पण पोरं मेंढरांमागे. हळूहळू तो त्या माणसांना समजून घेतो, ती त्याला समजून घेतात, मिळून तालीम उभी राहते. मग दुष्काळ येतो. तुमचा मित्र स्वतः शिक्षक आहे आणि दर उन्हाळ्यात, म्हणजे सुट्टी लागल्यावर, हेच पुस्तक काढतो. ही आवड निसर्गवर्णनाची आहे असं आपण गृहीत धरतो. ती एका मास्तराची दुसऱ्या मास्तरावरची माया असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

‘प्रोजेक्ट हेल मेरी’चा नायकही मास्तरच आहे. रायलंड ग्रेस, अमेरिकेतल्या शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारा. तो डोळे उघडतो तेव्हा एका खोलीत पडलेला आहे, शेजारच्या दोन बिछान्यांवर दोन मृतदेह, आणि संगणक त्याला विचारतोय, दोन अधिक दोन किती. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. पण विज्ञान आठवतं. हातातून काही पडतं तेव्हा त्याला वाटतं, हे जरा जास्तच वेगाने पडलं. मग तो स्टॉपवॉच घेतो, टेप घेतो, एक वस्तू पुन्हापुन्हा खाली सोडून वेळ मोजतो, सरासरी काढतो. उत्तर येतं दर सेकंदाला दर सेकंद 15 मीटर. पृथ्वीवर ते 9.8 असायला हवं. म्हणजे मी पृथ्वीवर नाही? की मला कुठल्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवलंय? ते तपासायला तो दोरीचा लंबक करतो. अकरावीच्या प्रयोगवहीतला लंबक! ज्याने पंचवीस वर्षं पोरांकडून तो प्रयोग करून घेतलाय, ज्याने शेकडो वहीतलं “निरीक्षण, गणन, निष्कर्ष” तपासून सह्या केल्यात, त्याच्या हातात हे प्रकरण पडू द्या. तो कागद-पेन्सिल घेऊन बसेल. माझ्याकडच्या एका सभासदाने, तेही शिक्षकच, हे पुस्तक परत केलं तेव्हा आत वहीच्या कागदाची घडी होती आणि तिच्यावर त्यांनी केलेलं गणित. तो कागद मी त्यांना परत दिला नाही, मागून घेतला. अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पुढची गोष्ट फार फोडत नाही. सूर्याची ऊर्जा खाणारा एक सूक्ष्मजीव आहे, त्यामुळे सूर्य मंदावतोय. आसपासचे तारेही मंदावताहेत, फक्त सुमारे बारा प्रकाशवर्षांवरचा टाऊ सेटी नाही. तिथे काय वेगळं आहे ते पाहायला हे यान निघालंय. मास्तरला तिथे जे भेटतं, ते ‘बनगरवाडी’च्या वाचकाने स्वतःच भेटावं. फक्त एवढं सांगते की शब्द शून्यापासून जमवायचे, आधी आकडे, मग वस्तू, मग “हो” आणि “नाही”, हे ज्या चिकाटीने आणि जिव्हाळ्याने त्यात येतं, ते चांगला शिक्षकच करू जाणे. रायन गॉसलिंगला घेऊन त्यावर सिनेमा निघाला, आणि त्याच्या ट्रेलरनेच हे गुपित फोडलं. मित्राने तो पाहिला नसेल तर पुस्तक आधी हातात पडू द्या.

दोष आहेत आणि ते तुम्हाला माहीत असावेत. पृथ्वीवरच्या आठवणींत येणारी माणसं एकेका गुणाची आहेत: एक कणखर अधिकारी बाई, एक हा, एक तो. नायकाचे विनोद पोरकट आहेत. भाषेत सौंदर्य शोधायला गेलं तर फारसं मिळणार नाही. पण ती सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत, आणि मनाने रचलेले शब्द मोजकेच, तेही समजावून दिलेले. हा मुद्दा मी मुद्दाम मांडते. आपल्याकडे मराठी माध्यमातून आलेले उत्तम वाचक इंग्रजी विज्ञान-कादंबरी सोडून देतात ते बहुतेक वेळा विज्ञानामुळे नाही. पहिल्या दहा पानांत पंधरा कल्पित ग्रहांची, घराण्यांची, हुद्द्यांची नावं येतात, शब्दकोशात नसलेली. वाचकाला वाटतं आपलं इंग्रजी कमी पडतंय. तुमच्या मित्राचं “नावंच लक्षात राहीनात” हेच आहे. त्यात त्याची काहीही चूक नाही.

यावरून दुकानातला एक सोपा नियम निघतो. पुस्तक उघडा, मधलं एक पान काढा, आणि त्यात अर्थ न लागणारी विशेषनामं मोजा. पाच-सहापेक्षा जास्त असली तर पहिली भेट म्हणून ते नको. दुसरी गोष्ट पाहायची ती कव्हरवर किंवा आतल्या पानावर कुठे मालिकेचं नाव आहे का. हे फार महत्त्वाचं आहे, कारण पुरस्काराचा शिक्का पाहून घेतलेलं पुस्तक दुसरा भाग निघू शकतं. आर्कडी मार्टिनच्या ‘अ मेमरी कॉल्ड एम्पायर’ला 2020 चं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथेतलं मोठं पारितोषिक, मिळालं, आणि तिच्याच पुढच्या भागाला 2022 चं. आमच्याकडच्या एका मुलीने नवऱ्याला शिक्का पाहून तो दुसरा भाग दिला. बिचारा सौजन्याने ऐंशी पानं वाचत राहिला. अशी भेट देणाऱ्यालाही लागते आणि घेणाऱ्यालाही.

“अलीकडची” या शब्दाशीही सांभाळून. आतल्या पानावर छपाईचं वर्ष वेगळं आणि पहिल्या आवृत्तीचं वेगळं असतं. लिऊ त्सिशिनची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ लोक 2024 च्या वेबमालिकेनंतर नवी म्हणून मागायला लागले. चिनी मासिकात ती 2006 मध्ये क्रमशः आली, इंग्रजीत 2014 मध्ये. पुस्तक दमदार आहे, त्याबद्दल वाद नाही. पण भरपूर वाचणाऱ्या माणसाने ते आधीच वाचलेलं असण्याचा संभव मोठा, शिवाय ती तीन भागांतली पहिली आहे.

पुरस्कारांचं मी एवढंच मानते: कोण देतं ते माहीत असलं तर उपयोग होतो. ह्यूगो हे विज्ञानकथेच्या चाहत्यांच्या जागतिक संमेलनाचे सभासद मतदानाने ठरवतात, त्यामुळे तिथे मुरलेल्या वाचकाची आवड दिसते. ब्रिटनमधला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार परीक्षकमंडळ देतं, तिकडे एकट्या उभ्या राहणाऱ्या, साहित्याकडे झुकलेल्या कादंबऱ्या जास्त सापडतात. ज्याने या प्रकारात नव्याने पाऊल टाकायचं, त्याच्यासाठी मी क्लार्कची लघुयादी आधी पाहते. बाकी नावाचं वजन बाजूला ठेवून गोष्ट जोखायची हा धडा आपल्याला नारळीकरांनीच दिलाय. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ पाठवली ती ना. वि. जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांनी गोष्ट वाचून पहिलं बक्षीस दिलं. मे 2025 मध्ये नारळीकर गेले, त्या आठवड्यात आमच्याकडची त्यांची सगळी पुस्तकं बाहेर होती. पन्नाशीतले लोक स्वतःच्या मुलांसाठी म्हणून न्यायचे आणि रिकाम्या हाताने येऊन सांगायचे, “अजून मीच वाचतोय.”

त्या पिढीतल्या वाचकाची नेमकी भूक काय असते, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. त्याला एक स्पष्ट वैज्ञानिक कल्पना हवी, त्या कल्पनेशी झुंजणारा साधा माणूस हवा, आणि शेवटी मन थोडं मोठं झाल्यासारखं वाटायला हवं. मराठीत ही भूक मुख्यतः कथेने भागवली, दिवाळी अंकांतून, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी. कादंबरीचा पैस मिळाला तो कमी वेळा, नारळीकरांच्या ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ अशा पुस्तकांतून. म्हणून पाचशे पानांची गोष्ट असली तरी तिची वीण कथेसारखी असली, म्हणजे एक कोडं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं, तर हा वाचक रमतो. ‘हेल मेरी’ची वीण तशीच आहे.

आता समजा, मित्राने ती वाचली असली तर? हळूच विचारून घ्या, किंवा वहिनींना त्यांच्या कपाटाचा फोटो काढून पाठवायला सांगा. मी हे सगळ्यांना सांगते, कारण कपाटाच्या फोटोइतकं खरं दुसरं काही बोलत नाही.

त्या परिस्थितीत माझं दुसरं नाव काझुओ इशिगुरोची ‘क्लारा अँड द सन’, 2021 ची. इशिगुरोंना 2017 चं नोबेल मिळालेलं, तेव्हा भेट म्हणून भारदस्तही वाटेल. क्लारा ही मुलांना सोबत म्हणून विकत मिळणारी यंत्रमैत्रीण. ती उन्हावर चालते. दुकानाच्या काचेतून रस्ता पाहत ती जग समजून घेते आणि सूर्याला जवळजवळ देव मानायला लागते, कारण तिच्यापुरतं ते खरंच आहे. पुढे जोसी नावाची आजारी मुलगी तिला निवडते. इंग्रजी अगदी सोपं, पण सोप्या वाक्यांमागे दुखरं काहीतरी हळूहळू साचत जातं. यात गणित नाही, यंत्र कसं चालतं याचा खुलासा नाही. फिजिक्सवाल्याला तेवढं खटकेल. ‘बनगरवाडी’वाल्याला नाही.

मित्र हवामानबदल, अर्थकारण, धोरणं यांवर चर्चा करणारा असेल तर किम स्टॅनली रॉबिन्सनची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ आहे, 2020 ची. तिचं पहिलं प्रकरण उत्तर प्रदेशातल्या एका गावात घडतं: उष्णतेची लाट, वीज गेलेली, आणि हवेत इतका दमटपणा की घाम वाळतच नाही. माणसं तळ्यात उतरतात, तर पाणीच अंगापेक्षा गरम. मी ते एप्रिलमधल्या दुपारी वाचनालयात पंख्याखाली वाचलं आणि उठून बाहेर जाऊन उभी राहिले. पण पुढे पुस्तक मधूनमधून अहवाल होतं, बँका, चलनं, समित्यांची इतिवृत्तं. शंभरावर प्रकरणं आहेत. ज्याला असं आवडतं तो ते हिरिरीने वाचतो, ज्याला नाही तो तळ्याजवळच थांबतो.

आणि मित्र आयटीतला असता तर मी लावण्या लक्ष्मीनारायणची ‘द टेन पर्सेंट थीफ’ दिली असती. भारतात ती 2020 मध्ये ‘अॅनालॉग/व्हर्च्युअल’ या नावाने आली होती, या नव्या नावाने 2023 मध्ये बाहेर गेली आणि 2024 च्या क्लार्क पुरस्काराच्या लघुयादीत पोचली. एकेकाळी बंगळूर असलेल्या शहरात एक कंपनी माणसांना उत्पादकतेच्या आलेखावर बसवते: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, तळाचे दहा. दर वर्षी अप्रेझलच्या महिन्यात ज्याची झोप उडते त्याला हे पुस्तक भविष्याचं वाटणारच नाही. मात्र ती एका नायकाची सलग गोष्ट नाही, वेगवेगळ्या माणसांची प्रकरणं मिळून शहर उभं राहतं. दोन्ही नावांची पुस्तकं एकत्र घेऊ नका, कादंबरी एकच आहे.

खरेदीचं एक सांगायचं राहिलं. ‘हेल मेरी’ पदपथावर दीड-दोनशेला मिळेल. घेऊ नका. मी त्या प्रती हाताळल्यात: कागद पिवळा, शाई फिकट, मध्येच पानं उलटसुलट. या पुस्तकाच्या सुरुवातीला यानाची आकृती आहे, आणि वाचताना तिच्याकडे पुन्हापुन्हा परतावं लागतं. नकली प्रतीत तिचा काळा डाग होतो. लेखकाचे पैसे बुडतात ते वेगळंच. नेहमीच्या दुकानातून घ्या, पावती ठेवा, आणि मित्राने आधीच वाचलेलं निघालं तर आठवड्यात बदलून द्याल का, हे पैसे देण्याआधी विचारा. बहुतेक दुकानदार “हो” म्हणतात, फक्त पहिल्या पानावर काही लिहिलेलं नसेल तर.

म्हणून लिहिण्याची घाई करू नका. एका वेगळ्या कार्डावर दोन ओळी लिहून आत ठेवा. तुम्ही स्वतः वाचत नाही हे तुमच्या मित्राला माहीत आहे, तेव्हा हे पुस्तक कसं निवडलंत ते खरं खरं लिहा: तू दरवर्षी ‘बनगरवाडी’ काढतोस, म्हणून तुझ्यासाठी आणखी एका मास्तरची गोष्ट आणली. शक्य झालं तर कार्डासोबत एक टोक केलेली पेन्सिलही ठेवा.